मदत हवी आहे: चाकणला एकटं जाऊ की फॅमिली घेऊन?

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला, पुण्याजवळच्या चाकणला एका कंपनीत काम लागलं, दसऱ्यानंतर हजर व्हायचं आहे. प्रश्न पोरीच्या शाळेचा आहे. ती चौथीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. इथल्या सरांना विचारलं तर म्हणे मधात दाखला नेऊ नका, वर्ष वाया जाईन. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तर टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं आहे, मग खरं काय चालते तिकडं?

रेशनचं टेन्शन नाही, वन नेशन वन रेशन कार्डावर तिकडंही उचलता येते. मित्रानं दोन रूमचे ८ हजार सांगितले, डिपॉझिट वेगळं. पाच एकरात कापूस-तूर आहे, आता बोंडं फुटून रायली अन् वेचाईले घरचं माणूस लागतेच, बाबांचे गुडघे धरले, म्हणून बायको इथं राहिली तर बरं वाटते, पण पोरगी माझ्याशिवाय जेवत नाही हो.

आपल्याकडल्या, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तिकडं त्याच्या आधीच. तर चाकण-राजगुरुनगरकडं कोणी दिवाळीनंतर पोराले सरकारी मराठी शाळेत टाकलं आहे का, कोणते कागद मागितले, की सरळ पुढच्या जूनलेच न्यावं?