प्रति: पन्नाशीनंतर दुसरी पीएचडी कशाला?

'एक पीएचडी असताना दुसरी म्हणजे नुसती हौस, त्यापेक्षा एखादं पुस्तक लिहा', असं वर म्हटलंय. पुस्तकाचं मलाही पटतं. पण माझा अनुभव सांगते.

माझी पहिली पीएचडी अर्थशास्त्रातली, सोलापूरच्या यंत्रमागांवर. चादरी-टॉवेलचे आकडे, मजुरीचे दर, रकाने. आता सत्तावन्नाव्या वर्षी इतिहासात नाव नोंदवलंय. विषय तोच, विणकर कुटुंबं. मला वाटलं, निम्मं काम झालेलंच आहे. कसलं काय! पूर्व भागातल्या एका घरात आजोबांची हिशेबाची वही हाती आली, तीही तेलुगूत. एक अक्षर कळेना. सध्या शेजारच्या पद्मक्का रोज संध्याकाळी ज्वारी निवडता निवडता मला एकेक पान वाचून दाखवतात. पहिल्या वेळी असली वही मी 'माहिती अपुरी' म्हणून बाजूला सारली असती.

नियमांचं म्हणाल, तर जुन्या पदवीमुळे कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे वर्ग नि अभ्यासक्रम, सुटत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022च्या नियमांनुसार पीएचडीला किमान 3 वर्षं, कमाल 6. बायकांना आणखी 2 वर्षांची सवलत मिळू शकते. नोकरी असेल तर अर्धवेळ करता येते, कार्यालयाचं ना हरकत पत्र लागतं. आणि मार्गदर्शकांची निवृत्ती आधी विचारा. 3 वर्षांहून कमी सेवा उरली असेल तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. मी हे उशिरा विचारलं, सहा महिने गेले.

कोर्सवर्कला शेजारच्या बाकावर माझीच जुनी विद्यार्थिनी बसते. मला अजून 'मॅडम' म्हणते, आणि नोट्स मात्र मीच तिच्याकडून घेते.