'फ्लो बॅटरी'ला मराठीत काय म्हणावे?

वीजसाठवणीवर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलोय. उन्हाची-वाऱ्याची वीज ग्रिडसाठी साठवणारी जी 'फ्लो बॅटरी', तिला 'प्रवाह बॅटरी' म्हटलं तर चालेल का? बायकोला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "प्रवाह नसलेली बॅटरी कोण विकत घेईल?"

* * *

वहिनींना गुण द्या. विजेच्या शेजारी 'प्रवाह' आला की वाचक विद्युतप्रवाहच समजणार. इथे वाहतं ते द्रावण. दोन टाक्यांत दोन द्रावणं, पंप ती मधल्या घटांतून (म्हणजे सेलमधून) फिरवतो. पातळ पडद्याच्या अल्याड-पल्याड रासायनिक क्रिया होते आणि द्रावणं आपापल्या टाकीत परत जातात. म्हणजे नुसतं वाहणं नाही, फिरून येणं. त्याला आपल्याकडे शब्द आहेच: अभिसरण. रक्ताभिसरणात हृदय, इथे पंप. 'अभिसरण बॅटरी' कसं वाटतं?

* * *

देखणा आहे, पण वहन, अभिसरण, प्रारण असं शाळेत घोकलेल्यांना आधी उष्णता आठवेल. 'प्रवाही बॅटरी' सुचवणार होतो, पण प्रवाही म्हणजे पातळ पदार्थ, आणि तो तर घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतही असतो. आपण तिच्यात डिस्टिल्ड वॉटर टाकतोच की! फरक एवढाच की तिथलं आम्ल डब्यातच बसून राहतं.

* * *

म्हणूनच माझं मत टाकीला. अकोले तालुक्यातला घाटघर उदंचन प्रकल्प आठवा. (उदंचन म्हणजे पाणी वर उपसणं. संस्कृतात पोहऱ्यालाही उदंचन म्हणतात. शेतकरी 'उपसा' म्हणतो आणि सगळ्यांना कळतं, पण सरकारी फलकावर उपसा कसा शोभणार!) तिथे वर उपसलेलं पाणी खाली सोडून वीज करतात. एका वेळी किती वीज मिळेल ते यंत्रं ठरवतात: २५० मेगावॅट. ती किती वेळ मिळेल ते वरच्या तलावातलं पाणी ठरवतं. फ्लो बॅटरीचंही तसंच. घट वाढवले की मेगावॅट वाढतात, टाक्या मोठ्या केल्या की तास वाढतात. चीनमध्ये दालियानला २०२२ साली ग्रिडला जोडलेली बॅटरी १०० मेगावॅटची, साठवण ४०० मेगावॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ४ लाख युनिट. बातमीत '४०० मेगावॅटची बॅटरी' असं छापून आलं की माझं डोकं फिरतं. 'टाकी-बॅटरी' म्हणा, निदान हा घोळ तरी टळेल.

* * *

आमच्या गावात 'बॅटरी मार' म्हणजे टॉर्च लाव. त्यात 'टाकी-बॅटरी' म्हटलं तर लोक गच्चीवर चढून टाकीत उजेड पाडतील.

चेष्टा सोडा. लेखात 'व्हॅनेडियम रेडॉक्स', म्हणजे व्हॅनेडियम या धातूची द्रावणं वापरणारी फ्लो बॅटरी, येईलच. त्याचं 'ऑक्सिडीकरण-क्षपण' करू नका, रेडॉक्सच ठेवा. शब्दांपेक्षा रंग सांगा. बॅटरी चार्ज-डिस्चार्ज होताना व्हॅनेडियमचं द्रावण जांभळं, हिरवं, निळं, पिवळं होतं. नासाने १९७०च्या दशकात लोह आणि क्रोमियम वापरून पाहिलं, पण दोन धातू पडदा ओलांडून एकमेकांत मिसळायचे. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-काझाकोस यांनी दोन्ही टाक्यांत व्हॅनेडियमच वापरलं. मग थोडं इकडचं तिकडे गेलं तरी द्रावण कायमचं नासत नाही.

* * *

मंडळी, आभार. मथळ्यात 'फ्लो बॅटरी'च ठेवतोय. खाली पहिलं वाक्य असं: 'टाक्यांतलं द्रावण पंपाने फिरवून वीज साठवणारी आणि परत देणारी बॅटरी.' 'अभिसरण' पुढच्या परिच्छेदात, रक्ताच्या उपमेसकट.

हेही बायकोला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: "मग पंपाला वीज कोण देतं?" चार्ज होताना ग्रिड, वीज देताना ती बॅटरीच. म्हणजे जेवढी भरली त्यातली काही पंपातच जाणार. आता याला 'तूट' लिहू की 'घट'? घटाच्या लेखात 'घट' लिहिलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

* * *

तूट. विषय संपवा.