कोल्हापुरात वापरण्यासाठी आटोपशीर तीनचाकी बाबागाडी कशी निवडावी?

प्रश्न (राजारामपुरी)

नमस्कार. आमची मुलगी १० महिन्यांची आहे, आधाराशिवाय व्यवस्थित बसते आणि तिचे वजन ८.५ किलो आहे. तिच्यासाठी घडी घालून उचलता येईल अशी आटोपशीर बाबागाडी घ्यायची आहे आणि ती शक्यतो तीनचाकी असावी, असा घरातील सर्वांचा कल आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. आमची मोटार सीएनजीवर चालते, त्यामुळे डिकीतील बरीचशी जागा सिलिंडरनेच व्यापलेली असते. रोज संध्याकाळी सासूबाई बाळाला घेऊन गल्लीतून बागेपर्यंत जातील, रविवारी आम्ही रंकाळ्यावर जाऊ, आणि अधूनमधून पुण्याला माहेरी जाणे होते.

एका विक्रेत्याने तीनचाकी गाडी वळणावर उलटते असे ठामपणे सांगितले, तर दुसऱ्याने आपल्या रस्त्यांसाठी तीनचाकीच योग्य असे सांगितले. यातील खरे काय? चाके किती मोठी असावीत? आणि खरेदीपूर्वी दुकानातच काय तपासून घ्यावे? ज्यांनी अशी गाडी वापरली आहे किंवा ज्यांना तिच्या रचनेची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद (शिवाजी उद्यमनगर)

ताई, दोन्ही विक्रेत्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु दोघांनीही अर्धेच सांगितले आहे. माझा व्यवसाय यंत्रांच्या सुट्या भागांचा असून नातवंडांच्या गाड्यांची दुरुस्ती घरी मीच करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तीन टेकू कोणत्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात, चार टेकूंचे तसे नसते. लाकडी पांगुळगाडा उंचसखल अंगणातही डुगडुगत नाही, त्यामागे हेच तत्त्व आहे. चारचाकी गाडीचा सांगाडा ताठ असेल आणि तिला स्प्रिंग नसतील, तर खडबडीत रस्त्यावर तिचे एक चाक वारंवार अधांतरी राहते आणि तो हिसका बाळाला बसतो. तीनचाकीत हा त्रास नसतो. शिवाय पुढे फिरते चाक एकच असल्यामुळे अरुंद गल्लीत, उभ्या केलेल्या दुचाकींच्या मधून, ती एका हाताने वळवता येते.

आता उलटण्याविषयी. पुढचे चाक आणि मागचे एक चाक यांना जोडणारी रेषा मनाशी काढून पाहा. चारचाकीत ही रेषा गाडीच्या कडेने सरळ जाते, तीनचाकीत ती तिरकी आत शिरते. बाळ एका बाजूला पुढे झुकले आणि त्याच क्षणी त्या बाजूचे मागचे चाक फुटपाथच्या कडेवरून खाली उतरले, तर गाडी या तिरक्या रेषेवरून कलू शकते. म्हणून तीनचाकी निवडताना मागच्या दोन चाकांमधील अंतर भरपूर आहे का, बैठक फार उंचावर नाही ना, आणि बाळाचे वजन पुढच्या चाकापेक्षा मागच्या ॲक्सलच्या जवळ पडते का, या गोष्टी पाहाव्यात. फुटपाथवरून उतरताना गाडी तिरकी न नेता सरळ न्यावी, किंवा उलटी फिरवून मागची दोन्ही चाके एकदम खाली घ्यावीत. ही सवय लागली की विक्रेत्याने घातलेल्या भीतीचे फारसे कारण उरत नाही.

चाकाच्या आकाराबाबत मात्र मी आग्रही आहे. रस्त्यात ३ सेंटीमीटर उंचीची कड आली, तर ६ इंची चाक तिच्यावर नुसते ढकलून चढवायला त्या चाकावरील वजनाच्या सुमारे १.३ पट जोर लागतो. ८ इंची चाकाला साधारण त्या वजनाइतकाच जोर लागतो, आणि १२ इंची चाकाला पाऊणपट पुरतो. हे साध्या भूमितीचे गणित आहे, त्यात कंपनीची करामत काही नाही. पेव्हर ब्लॉकची वर आलेली कड, गटाराच्या झाकणाचा काठ, डांबरीकरणानंतर उरलेली पायरी हे सारे २-३ सेंटीमीटरचेच असते, आणि लहान चाकाची गाडी नेमकी तेथे अडते. हँडल खाली दाबून पुढचे चाक उचलता येते हे खरे, पण रोज संध्याकाळी ते सासूबाईंना करावे लागणार आहे, हे लक्षात घ्यावे.

तीनचाकीची एक अडचण कोणी सांगत नाही, ती अशी की तिच्या चाकांच्या वाटा तीन होतात. मोटारसायकल चढवण्यासाठी जिन्याच्या कडेला केलेला उताराचा अरुंद पट्टा, किंवा दोन समांतर फळ्या टाकून केलेला उतार, तिच्या उपयोगाचा नाही. चारचाकी गाडी मधला खड्डा दोन्ही चाकांच्या मध्ये घेऊन निघून जाते, तीनचाकीचे पुढचे चाक मात्र त्या खड्ड्यातच पडते. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर असा उतार असेल, तर खरेदीपूर्वी त्याची रुंदी मोजून घ्या.

आपल्या गरजा पाहता माझे मत असे की १२ इंची हवेच्या चाकांची गाडी आपण घेऊ नये. ती रंकाळ्यावर उत्तम चालेल, पण दुसऱ्या मजल्यावर रोज चढवणे आणि सिलिंडरशेजारी डिकीत बसवणे शक्य होणार नाही. ५-६ इंची चाकांची, विमानात नेता येईल अशी गाडी घडी घातल्यावर मोहक दिसते, परंतु आपल्या गल्लीत ती नकोशी होईल. साधारण ८ इंची भरीव फोमची चाके, मागे स्प्रिंग, आणि एकूण वजन ८ किलोच्या आसपास असलेली तीनचाकी शोधावी. अमेरिकेतील बेबी जॉगर कंपनीची सिटी मिनी ही या प्रकारातील परिचित गाडी आहे. तिच्या बैठकीच्या मधोमध असलेला पट्टा वर ओढला की सांगाडा मधून दुमडतो, त्यामुळे दुसरा हात बाळासाठी मोकळा राहतो. तीच गाडी घ्यावी असा माझा आग्रह नाही, पण घडी अशा पद्धतीची असावी.

प्रतिसाद (शिवाजी पेठ)

उद्यमनगरच्या काकांनी यंत्राची बाजू उत्तम मांडली आहे, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. पेठांमधील गल्ल्या, महाद्वार रोडवरील गर्दी, अंबाबाईच्या मंदिराचा परिसर किंवा जोतिबाच्या पायऱ्या अशा ठिकाणी कोणतीही बाबागाडी बाळाच्या सोयीची नसते. गर्दीत गाडीतील बाळ लोकांच्या गुडघ्यांच्या उंचीवर येते आणि रिक्षांचा धूर थेट त्याच्या तोंडावर जातो. तेथे बाळ कडेवर किंवा छातीशी बांधायच्या कॅरिअरमध्येच असावे. म्हणून सगळे पैसे गाडीवर खर्च न करता त्यातील काही एका चांगल्या कॅरिअरसाठी राखून ठेवावेत, असे मी मनापासून सुचवते. बाग, रंकाळ्याचा काठ आणि विद्यापीठाचा परिसर यांसाठी गाडी जरूर घ्यावी.

धागाकर्तीचा प्रतिसाद (राजारामपुरी)

दोघांचेही मनापासून आभार. कॅरिअरची सूचना घरी सर्वांना पटली. काका, आणखी दोन शंका आहेत. फोमची चाके कडक असतात आणि त्यामुळे बाळाला हादरे बसतात, असे माझी बहीण म्हणते. ते कितपत खरे आहे? आणि सासूबाईंची उंची पाच फुटांहून कमी आहे, तर माझे पती सहा फुटांच्या जवळपास आहेत. एकच हँडल दोघांना कसे चालेल?

प्रतिसाद (शिवाजी उद्यमनगर)

बहिणीचे म्हणणे बरोबर आहे. हवेचे टायर हादरा स्वतःत जिरवतात, फोम तितका जिरवत नाही. पण पंक्चर होत नाही, हवा तपासावी लागत नाही आणि वजनही कमी राहते. म्हणूनच मागे स्प्रिंग असावेत असे मी लिहिले. हवेच्या टायरवर बहुधा १२½ × २¼ असे माप छापलेले असते. लहान मुलांच्या सायकलींनाही याच मापाचे टायर येतात, त्यामुळे ट्यूब सायकलच्या दुकानात मिळू शकते. पेट्रोल पंपावरील कॉम्प्रेसरने मात्र ती भरू नये, कारण इतक्या लहान ट्यूबमध्ये हवा क्षणात जास्त होते. हातपंपाने, टायरवर लिहिलेल्या दाबापर्यंतच भरावी.

हँडल खालीवर करता येणारे असावे. सासूबाईंनी ते कंबरेच्या थोडे वर धरून पाहावे, कोपर किंचित वाकलेले राहिले म्हणजे उंची योग्य. उंच माणसाने चालताना त्याचा पाय मागच्या ॲक्सलला किंवा ब्रेकच्या पट्टीला लागतो का, हेही पाहावे. तीनचाकीत मागची बाजू रुंद असल्याने ही तक्रार नेहमी येते. दुकानात गाडी दोघांनीही चालवून पाहावी.

चाकांच्या आत काय आहे, तेही विचारावे. स्वस्त गाड्यांत प्लास्टिकच्या चाकाला नुसते भोक पाडून ते लोखंडी दांड्यावर चढवलेले असते. काही काळातच ते भोक झिजून लांबट होते आणि चाक लटपटते. चांगल्या गाड्यांत बंद बॉल बेअरिंग असतात. त्यावर ६०८ असा आकडा असेल तर उत्तमच, कारण ८ मिलिमीटर भोकाचे आणि २२ मिलिमीटर बाहेरील व्यासाचे ते बेअरिंग आपल्या उद्यमनगरात कोठेही मिळेल.

प्रतिसाद (ताराबाई पार्क)

बाळाच्या बाजूने काही गोष्टी मांडते. खांद्यांवरून दोन, कंबरेला दोन आणि पायांच्या मधून एक असे पाच पट्टे असलेलाच बेल्ट घ्यावा. केवळ कंबरेचा पट्टा असेल, तर १० महिन्यांचे बाळ त्यातून खाली सरकते किंवा उभे राहते. पट्टा आणि बाळाची छाती यांच्यामध्ये दोन बोटे जातील इतकीच जागा असावी. आपले बाळ नीट बसते, त्यामुळे बैठकीची पाठ पूर्ण आडवी होण्याची अट आपल्याला नाही. हे वाचणाऱ्या ज्यांचे बाळ अजून सहा महिन्यांचे झालेले नाही, त्यांनी मात्र पाठ जवळजवळ सपाट होणारी गाडीच घ्यावी.

ब्रेक दाबल्यावर मागची दोन्ही चाके एकदम अडकली पाहिजेत. बाळाच्या वजनाइतकी पिशवी बैठकीत ठेवून, ब्रेक लावून, गाडी उतारावर उभी करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. भाजीची पिशवी हँडलला अडकवण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण बाळाला उचलून घेतले की ती गाडी मागे कोसळते. सामान बैठकीखालच्या टोपलीतच ठेवावे.

आपल्याकडील उन्हाळा आणि पावसाळा या दोहोंचा विचार झाला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटे टाकले जाते, त्याने आतील हवा कोंडून तापते आणि बाळ घामाघूम होते. पुढे सरकणारे खोल छत आणि त्याला मागे जाळीची खिडकी असेल, तर कापड टाकावेच लागत नाही. पावसाच्या आवरणालाही दोन्ही बाजूंनी हवेची छिद्रे असावीत. जूनपासून पुढे कापड सुकता सुकत नाही, म्हणून बैठकीचे कापड काढून धुता येणारे असावे. ओली गाडी घडी घालून जिन्याखाली ठेवली, तर कापडाला बुरशी येते आणि स्क्रू गंजतात. घरात आणल्यावर ती उघडून पंख्याखाली ठेवावी.

प्रतिसाद (नागाळा पार्क)

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून किंवा जुनी गाडी घेण्याचा विचार असल्यास दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. २००९ मध्ये मॅक्लारेन या बाबागाड्यांच्या कंपनीने अमेरिकेत तोपर्यंत विकलेल्या सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीवर बसवण्याची आच्छादने दिली, कारण घडी उघडताना मुलांची बोटे बिजागरीत सापडून तुटण्याचे प्रकार घडले होते. म्हणून गाडी उघडताना आणि मिटताना बाळाचा हात पोचेल इतक्या जवळ ते नसावे. दुसरी गोष्ट तीनचाकीशी थेट संबंधित आहे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बॉब नावाच्या तीनचाकी धावगाड्यांविरुद्ध (पालकांनी धावताना ढकलायच्या बाबागाड्यांविरुद्ध) कारवाई सुरू केली होती, कारण झटपट काढता येणारे पुढचे चाक नीट आवळले गेले नाही, तर ते चालत्या गाडीतून निखळत असे. पुढचे चाक काढता येणारे असेल, तर प्रत्येक वेळी बसवल्यावर ते उचलून ओढून पाहावे.

गाडीवर युरोपचे ईएन १८८८ किंवा अमेरिकेचे एएसटीएम एफ ८३३ हे मानक छापलेले आहे का, तेही पाहा. ईएन १८८८ चा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि दुसरा त्यापुढे २२ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे. आपली मुलगी ८.५ किलोची असली, तरी गाडी ती तीन वर्षांची होईपर्यंत चालवायची असल्यास २२ किलोची क्षमता असलेलीच घ्यावी.

डिकीचे माप घेताना सिलिंडर आणि झाकण यांमधील सर्वांत अरुंद जागा मोजावी आणि झाकण पूर्ण बंद होते का ते पाहावे. तीनचाकीची घडी पाचरीसारखी असते, एका टोकाला चपटी आणि मागच्या चाकांकडे जाड. जाड बाजू सिलिंडरच्या शेजारी मोकळ्या कोपऱ्यात गेली, तर उरलेली घडी बहुधा बसते. विक्रेत्याला विनंती करून गाडी दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या मोटारीत ठेवून पाहावी, आणि तो नकार देत असेल तर दुसऱ्या दुकानात जावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद (राजारामपुरी)

सर्वांचे पुन्हा आभार. जिन्याखालचा उतार आज मोजला, तो जेमतेम एका चाकापुरता आहे, म्हणजे गाडी घडी घालूनच वर न्यावी लागणार. त्यामुळे वजनाची मर्यादा ८ किलोवरच पक्की धरली आहे. येत्या रविवारी सासूबाईंना आणि मुलीला बरोबर घेऊनच दुकानात जाणार आहोत. ८ इंची फोमची चाके आणि एका हाताने होणारी घडी असलेली तीनचाकी गाडी कोणी कोल्हापुरात पाहिली असल्यास त्याआधी येथे जरूर कळवावे.