मदत हवी आहे : रेल्वे अभियांत्रिकीसाठी चेंगदू की शांघाय?

नमस्कार. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर रेल्वेचे चाक आणि रूळ यांच्या परस्परक्रियेवर चीनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. शांघायचे तोंगजी विद्यापीठ क्रमवारीत वर असले, तरी १८९६ साली रेल्वे महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या आणि आज चेंगदूत असलेल्या साउथवेस्ट जिआओतोंग विद्यापीठात अख्खा डबा फिरत्या रोलरवर चढवून अतिवेगाची चाचणी घेतली जाते, त्यामुळे माझा कल तिकडे आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज चिनी शासनाकडे करणार आहे. तिथे शिकलेल्यांनी कृपया सांगावे : इंग्रजी माध्यमातल्या परदेशी विद्यार्थ्याला अशा चाचण्यांत प्रत्यक्ष काम मिळते, की चिनी येत नसल्यास संगणकीय प्रतिकृतींवरच समाधान मानावे लागते? आणि प्राध्यापकांचे संमतिपत्र अर्जाआधीच मिळवावे का?