प्रबंधाचा डेटा आणि कोड सगळ्यांसाठी खुला करावा का?

गोदाकाठ: नाशिकला द्राक्षावर पीएचडी करणाऱ्या मुलांना कळकळीची विनंती, प्रबंधासोबत डेटा आणि कोड टाका आणि रीडमी फाईल (कुठल्या कॉलममध्ये काय आहे ते सांगणारी) जोडाच. परवा निफाडच्या बागांची एक शीट हातात आली, कॉलमचं नाव "छाटणी", त्यात ०४/१०. आता ही ४ ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणी (फळासाठीची), की महिना आधी लिहिणाऱ्या अमेरिकन सेटिंगमुळे १० एप्रिल म्हणजे खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची)? आपल्याकडे दोन्ही तारखा बरोबर बसतात, म्हणून चूक असली तरी कुणाला दिसणार नाही. २०२३-१०-०४ असं लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. पुढे भुरी (बुरशीचा रोग) "३". टक्के की ग्रेड?

पिंपळगावकर: नाही पटलं. दोन सीझन उन्हातान्हात बागा आम्ही फिरायच्या, डेटा टाकला की दुसराच कोणी एसीत बसून आमच्या आधी पेपर काढणार. आणि रीडमीला वेळ कुठून आणायचा, व्हायवात कोणी विचारतं का ते?

गोदाकाठ: भीती खरी आहे, पण झेनोडोवर (संशोधनाचा डेटा ठेवायची साइट, युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचे लोक चालवतात, फुकट आहे) एम्बार्गो, म्हणजे ठराविक तारखेपर्यंत कुलूप, टाकता येतो. नोंद आणि डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) आत्ता, फाईल उघडणार तुम्ही ठरवाल त्या तारखेला. काम तुमचं हे तारखेसकट नोंदवलं जातं.

दिंडोरीची मुलगी: माझं म्हणणं वेगळंय. शेतकऱ्यांनी फवारणीची वही दाखवली ती माझ्यावर विश्वास ठेवून, त्यात गट नंबर, कुठलं औषध, किती, सगळं. उद्या एखाद्या व्यापाऱ्याने ते बघून भाव पाडला तर? नावं काढून उपयोग नाही हो, लोकेशन बघून गावातलं शेंबडं पोरही सांगेल बाग कुणाची ते.

सातपूर कोडवाला: ताई, तो डेटा बंदच ठेवा. डेटा कसा ठेवावा हे सांगणारी २०१६ ची फेअर तत्त्वंसुद्धा सगळं उघडं करा म्हणत नाहीत, डेटा आहे हे सापडावं, कुणाकडे कसा मागायचा ते कळावं, मिळाल्यावर वापरता यावा. पण कोडमध्ये कुठे कुणाचा गट नंबर असतो? तो टाका, वापरलेल्या सॉफ्टवेअर लायब्ररींची व्हर्जन लिहा आणि वापरायची परवानगी देणारं लायसन्स जोडा, एमआयटी नावाचं चालेल, नाहीतर गिटहबवर (कोड ठेवायची साइट) नुसता दिसतो, कायद्याने कुणी वापरू शकत नाही. राइनहार्ट-रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा सरकारी कर्जावरचा पेपर आठवा, एक्सेलच्या सरासरीत पाच देश सुटले होते, त्यांनी शीट दिली म्हणून २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने ते पकडलं.

पिंपळगावकर: मग चूक सापडल्यावर मोठ्या प्रोफेसरांना झेपतं हो, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलवणारच नाहीत. आधी विद्यापीठाने डेटा नीट ठेवण्याला मार्क द्यावेत, मग आमच्याकडे मागा.

गोदाकाठ: मार्क द्यायलाच हवेत, त्यात वादच नाही. पण तोवर निदान तारीख आणि एकक तरी लिहा राव, तेवढ्याने कुणाची नोकरी जात नाही.

दिंडोरीची मुलगी: गट नंबर काढून फक्त तालुका आणि मातीचा प्रकार ठेवला तर चालेल का, हे मी शेतकऱ्यांनाच विचारणार आहे. जे हो म्हणतील त्यांचाच डेटा टाकेन. नवीन बॅचने संमतीपत्रातच हा प्रश्न घालावा.