होयाची वेल ऑक्टोबरात छाटू का?

गॅलरीवाली_पाथर्डीफाटा:
आमच्या पूर्वेच्या गॅलरीत होयाची लोंबती कुंडी आहे. पानं जाड, तजेलदार, वेल रेलिंगच्या खाली उतरलीय, पण फूल म्हणून नाही. शिवाय काही शेंडे नुसत्या दोरीसारखे लांब सुटलेत, त्यांना पानच नाही. सासरे दिंडोरीचे, उभा जन्म द्राक्षबागेत गेला. ते म्हणतात, "ऑक्टोबर आला, छाट की. छाटल्याशिवाय वेल माल देते होय?" काय करू?

मोगरा_सिडको:
मोठी कुंडी द्या, शेणखत भरा, फुलेल.

कुंडीतली_माई:
मोठी कुंडी अजिबात नको. आणि ताई, आधी कात्री लपवा.

सासऱ्यांचं द्राक्षापुरतं अगदी खरं आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी तयार होते तिच्या डोळ्यात घड धरतो, ऑक्टोबरात छाटलं की तो बाहेर पडतो. होयाचं उलटं. पानाच्या बेचक्यातून आखूड दांडा येतो, त्यावर गुच्छ फुलतो. फुलं गळाली तरी दांडा जिवंत राहतो आणि पुढच्या खेपेला त्याच्याच टोकाला कळ्या धरतात. वाळका वाटला म्हणून खुडलात की तिथला बहार गेला. बिनपानांचे शेंडेही राहू द्या. ते आधार शोधत असतात; कुंडीच्या तारेला सैल गुंडाळा, पानं मागाहून येतात.

फूल नाही याचं कारण बहुतेक उजेड. हल्ली इमारती इतक्या खेटून उभ्या करतात की पूर्वेची गॅलरी नावापुरतीच पूर्वेची. सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळतंय का बघा. मुळं कुंडीत दाटलेली तिला चालतात. रानात या वेली झाडांच्या खोडांवर वाढतात, आपल्या सह्याद्रीतही एक जात आहे, त्यामुळे चिकट मातीत त्या गुदमरतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, थोडं गांडूळखत, बस. वरचा थर सुकला की पाणी. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो तेव्हा पाणी आणखी कमी करा आणि रात्री कुंडी आत घ्या. मात्र कळ्या दिसल्यावर सारखी जागा बदलू नका, गळतात.

बागाईतदार_निफाड:
माई म्हणतात ते बरोबर. काकांचा हात छाटणीसाठी शिवशिवत असेल तर आमच्या बागेत पाठवा, मजूर मिळेना झालेत 😄
बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, आमचा जुना दुश्मन. वेलीवर मुंग्यांची रांग लागली की शंका घ्यायचीच. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा, नंतर साबणाच्या पाण्यात निंबोळी तेल घालून फवारा. बागेतलं औषध मात्र घरात आणू नका, काका आणतील.

गॅलरीवाली_पाथर्डीफाटा:
ते बाटली काढायला निघालेच होते! त्यांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "छाटायचं नाही, शेणखत नाही, पाणी बेतानं, मग माणसानं करायचं काय?"
माई, समोरच्या विंगमुळे ऊन दहाशिवाय येत नाही. दहा ते बाराचं चालेल?

कुंडीतली_माई:
थंडीत खुशाल चालेल. होळी झाली की शेडनेट बांधा, नाहीतर पानं पिवळी पडतील. ते काम काकांना द्या.