मदत हवी आहे: कमी धावलेली २००२ ची होंडा सिटी व्हीटेक स्वस्तात मिळते आहे, टोकन द्यावे का?

घाटवाट_पुणे
पहिल्या पिढीची होंडा सिटी १.५ व्हीटेक मी बऱ्याच काळापासून शोधतो आहे. २००० ते २००३ एवढ्याच काळात विकली गेलेली ही १०६ अश्वशक्तीची गाडी आता मूळ अवस्थेत क्वचितच दिसते, आणि दिसलीच तर मालक संग्राहकाची किंमत सांगतो. काल कोल्हापूरची एक गाडी समोर आली आहे: २००२ चे मॉडेल, मूळ रंग, मीटरवर ३१,००० किलोमीटर, किंमत १,४०,००० रुपये. उद्या सकाळपर्यंत २०,००० रुपये टोकन न दिल्यास गाडी बंगळूरच्या गिऱ्हाइकाला जाईल, असे एजंट सांगतो. मीटर खरे आहे की मागे फिरवलेले, हे फोटोंवरून कसे ओळखायचे, एवढेच सांगावे. कृपया लवकर.

जुने_गॅरेज_सांगली
फोटो कशाकशाचे आले आहेत, ते आपण लिहिलेलेच नाही. क्लच व ब्रेक पेडलचे रबर, चालकाच्या आसनाची दाराकडची कड, स्टिअरिंगचा वरचा भाग आणि गिअरची मूठ यांचे जवळून घेतलेले फोटो मागवा. ३१,००० किलोमीटरमध्ये पेडलचे रबर गुळगुळीत होत नाही. टायरच्या बाजूला उत्पादनाचा चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. सगळ्या काचांवरच्या खुणा एकाच काळातल्या आहेत का, तेही पाहा. एखादीच काच नवी असेल, तर ती का बदलावी लागली हे विचारायला हवे.

स्कॅनर_सोबती
एवढी शोधाशोध करण्याची गरज नाही. गाडीला तपासणीचा स्कॅनर जोडून तिच्या संगणकातले खरे किलोमीटर वाचून घ्यावेत. मी माझी २०१६ ची गाडी घेताना तसेच केले आणि मीटरमधला फरक लगेच उघड झाला.

जुने_गॅरेज_सांगली
आपला अनुभव २०१६ च्या गाडीचा आहे. २००२ च्या सिटीच्या इंजिन-संगणकात धावलेले अंतर साठवलेलेच नसते, त्यामुळे तिथे स्कॅनर काही सांगणार नाही. या गाडीसाठी चॅसी क्रमांक देऊन अधिकृत सेवाकेंद्रातली जुनी नोंद मागणे आणि जुनी सर्व्हिस बिले तारखेनुसार लावून पाहणे, हाच मार्ग आहे. २००९ च्या बिलावर ५८,००० किलोमीटर दिसले, तर पुढे काही तपासायचे उरत नाही.

दिल्लीहून_गाडी
कोल्हापूरच्या एका गाडीसाठी इतकी घाई कशाला? जुन्या गाड्या चालवण्यास बंदी घालणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्ली परिसरातल्या पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या मालकांनी पडेल त्या भावाने विकल्या. मी स्वतः तिकडून कमी धावलेली गाडी आणली आहे आणि पूर्ण समाधानी आहे.

नोंदणी_मार्गदर्शक
गाडी स्वस्त मिळते हे खरे, पण परराज्यातून आणलेल्या गाडीला ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातला कर आणि नवा क्रमांक हे सर्व लागते, आणि तो खर्च जाहिरातीतल्या किमतीत कधीच धरलेला नसतो. धागाकर्त्यांना मात्र माझा प्रश्न वेगळाच आहे. नोंदणी पुस्तक कोणाच्या नावावर आहे आणि नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे? २००२ ची गाडी २०१७ मध्ये आणि त्यानंतर २०२२ मध्ये पुन्हा पास झालेली असायला हवी. नूतनीकरण राहून गेले असेल, तर उशिराचे शुल्क दरमहा ५०० रुपये या दराने साचत जाते, आणि वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२५ पासून १०,००० रुपये झाले आहे. पर्यावरण कर निराळा.

नवी_गाडीच_बरी
चोवीस वर्षे जुन्या गाडीत ना एअरबॅग, ना सुटे भाग. त्याच पैशांचे डाऊन पेमेंट करून हप्त्यावर नवी छोटी गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाटवाट_पुणे
नवी गाडी घरी आहे. मला हीच हवी आहे. पेडलचे रबर फोटोत चांगले दिसते. टायर २०१९ चे आहेत. पुस्तक मूळ मालकांच्या नावावर आहे. ते गेल्या वर्षी वारले, म्हणून कुटुंबीय गाडी विकत आहेत. मालकांनी हयातीत सह्या केलेले नमुना २९ व ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज) एजंटकडे तयार आहेत, त्यामुळे कागदांची अडचण नाही.

नोंदणी_मार्गदर्शक
अडचण नेमकी इथेच आहे, आणि ही माहिती पहिल्याच परिच्छेदात यायला हवी होती. मालकाच्या निधनानंतर त्यांच्या सहीचे २९ व ३० वापरून गाडी आपल्या नावावर करता येत नाही. तसे केल्यास मृत व्यक्तीच्या सहीवर हस्तांतर दाखवल्याचा प्रश्न उद्या आपल्यासमोर उभा राहील. आधी वारसाने मृत्यूच्या दाखल्यासह नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, इतर वारसांची संमती द्यायची, आणि मग त्या वारसाने सही केलेल्या २९ व ३० वर ती आपल्याकडे येईल. कायद्यात वारसाच्या अर्जाला तीन महिन्यांची मुदत आहे. ती उलटली असेल तर दंडाचे पाहावे लागेल. तोवर एजंटच्या हातात एक रुपयाही देऊ नका. मुलाशी किंवा पत्नीशी थेट बोला.

जुने_गॅरेज_सांगली
यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. किमतीबद्दलही लिहितो, कारण कमी धावलेली गाडी म्हणजे खर्च नसलेली गाडी, असा समज इथे वारंवार दिसतो. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे वाल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, किलोमीटरप्रमाणेच वयावरही बदलायचा असतो, आणि तो तुटला तर वाल्व्ह वाकण्याची भीती असते. उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो, ब्रेक ऑइल ओलावा ओढते, सील कडक होतात, आणि इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्याच नव्हत्या. मीटर खरे निघाले तरी या कामांचे पैसे भावातून कमी करून मागा. गाडी आधी उचलून खालून बघा. कोल्हापूरच्या पावसाचा परिणाम फोटोत दिसत नाही.

घाटवाट_पुणे
एजंटकडे कुटुंबीयांचा क्रमांक मागितला, तर तो आधी टोकन द्या म्हणतो. नोंदणी पुस्तकाच्या फोटोत मुदतीची ओळ कापलेली आहे. नमुना ३१ साठी कोल्हापूरच्या कार्यालयात वारसाला स्वतः जावे लागते का?

नोंदणी_मार्गदर्शक
अर्ज ऑनलाइन भरता येतो, परंतु मूळ कागद आणि पडताळणी ज्या कार्यालयात गाडी नोंदलेली आहे तिथेच होते. वाहन क्रमांक टाकून परिवहनच्या संकेतस्थळावर नोंदणीची मुदत आणि बोजा (गाडीवरचे कर्ज) आत्ताच पाहून घ्या आणि इथे लिहा. टोकनचा विचार त्यानंतर.